दोनशे कार्डं, ऑर्डर शून्य

प्रश्न : आमच्या कारखान्यात बागकामाच्या छाटणी कात्र्या बनतात. यंदा परदेशातल्या एका प्रदर्शनात स्टॉल लावला. वीसेक देशांतल्या लोकांची मिळून दोनशे कार्डं जमली. सगळ्यांना कॅटलॉग आणि एफओबी भाव (माल आपल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च धरून) ईमेल केले. ऑर्डर एकही नाही. जाहिरात वाढवावी की भाव उतरवावा?

उत्तर : तूर्त दोन्ही नको. आधी ती कार्डं टेबलावर पसरा आणि देशाप्रमाणे गठ्ठे करा. ज्या गठ्ठ्यात खरे आयातदार जास्त, तो देश धरा (प्रदर्शनात फुकटच्या पिशव्या गोळा करणारेही बरेच असतात). बाकीच्या गठ्ठ्यांना रबरबँड लावा आणि खणात टाका. वीस देशांना एकच ईमेल पाठवला की तो कुणालाच उद्देशून नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं. निर्यात विभागातल्या माझ्या एकतीस वर्षांतली पहिली पाच मी असलीच पत्रं पाठवण्यात घालवली. आता एकेकाला वेगळं लिहा. स्टॉलवर त्यानं कुठली कात्री हातात घेऊन दाबून पाहिली होती ते आठवत असेल, तर तिथूनच सुरुवात करा.

तुमच्या मालाला ऋतू आहे, हेही विसरू नका. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये वसंत सप्टेंबरात उजाडतो, युरोपात मार्चमध्ये. दुकानसाखळ्यांचे खरेदीदार त्याच्या कित्येक महिने आधी माल ठरवून मोकळे झालेले असतात. तुमचा ईमेल ऐन हंगामात पोचला असेल, तर भाव निम्मा करूनही फरक पडला नसता.

भावाचा हिशेब उलटा करा. तिथल्या दुकानात तुमच्यासारखी कात्री कितीला मिळते ते आधी बघा. त्यातून तिथला विक्रीकर, दुकानदाराचा वाटा, आयातदाराचा वाटा, जकात, विमा, भाडं वजा करत कारखान्याच्या दारापर्यंत या. उरलेल्या पैशात कात्री बनत नसेल तर तो देश तुमचा नव्हे. जकात शोधायला एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागेल. एका हाताने चालवायच्या छाटणी कात्र्यांचा ८२०१.५०. कोंबडी कापायची कात्रीही त्याच कोडात घातली आहे, का ते मला विचारू नका. पहिले सहा आकडे जवळजवळ जगभर सारखे असतात. पुढचे देशागणिक बदलतात, ते आयातदाराकडून लेखी घ्या.

आणि एफओबीपुढे बंदराचं नाव लिहिलं होतं ना? नसेल तर तो भाव अर्धवटच. कंटेनरने माल पाठवणार असाल तर इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींप्रमाणे एफसीए (माल ठरल्या जागी वाहतूकदाराच्या हवाली करेपर्यंतचा भाव) जास्त बरोबर, कारण कंटेनर आपण जहाजावर नाही, यार्डात सोपवतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ब्रँडच्या नावाचंही सांगते. सेमिनारांत शेवरोले नोव्हाची गोष्ट हमखास निघते : स्पॅनिशमध्ये ‘नो वा’ म्हणजे ‘चालत नाही’, म्हणून म्हणे ती गाडी पडली. ही दंतकथा आहे. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती बरी खपली होती. नावाचा अर्थ जरूर तपासा, पण जास्त धोका नोंदणीत आहे. चीनसारख्या देशात साधारणपणे आधी अर्ज करणाऱ्याला ट्रेडमार्क मिळतो, आणि तुम्ही तर नाव स्टॉलवर झळकवून आलात! ट्रेडमार्क नोंदणीच्या आंतरराष्ट्रीय माद्रिद पद्धतीत स्वतःच्या देशातल्या अर्जाच्या आधारावर हवे ते सदस्य देश निवडता येतात. सध्या एकच निवडा.

पॅकिंगचं मात्र माझ्या फजितीवरून सांगते. आमची पहिली मोठी ऑर्डर लाकडी पॅलेटवर गेली. माल उत्तम, कागद चोख, पण पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का नव्हता. लाकडातून कीड जाऊ नये म्हणून ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवतात आणि मग हा शिक्का व ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) ही अक्षरं उमटवतात. आम्ही स्वस्तातलं लाकूड घेतलं होतं. कंटेनर तिकडच्या बंदरात अडला. हंगाम संपल्यावर ग्राहकाने माल उचलला. फोन त्यानंतर कधीच उचलला नाही.