जुनी वही रेडिओवर वाचायची, तर सुधारून वाचू का?

ताई, १९७२-७३ च्या दुष्काळात सातवीत असताना लिहिलेली तुमची वही माळ्यावरच्या पेटीत सापडली. सोबत वडिलांनी मुंबईहून, गिरणीत असताना पाठवलेली आंतरदेशीय पत्रंही मिळाली. जवळच्या सामुदायिक रेडिओ केंद्राने पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग करू म्हणून सांगितलंय. तुमची शंका अशी की भाषा पोरकट आहे, बोली आणि पुस्तकी मराठी एकत्र झालीय, तर आधी सगळं नीट लिहून काढावं का.

नका लिहून काढू. मी गेली बरीच वर्षं अशा केंद्रासाठी लोकांच्या रोजनिशा, पत्रं, हिशेबाच्या वह्या त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करतोय आणि नव्या माणसाला सगळ्यात आधी हेच सांगतो. तुम्ही नमुन्याला दिलेलं वाक्य पाहा: "आज आई खडीवर गेली. मिलोची भाकरी लाल झाली. धाकट्याने खाल्ली नाही मग मी त्याची पण खाल्ली." त्याच्या जागी तुम्ही सुचवलेलं वाक्य असं: "त्या काळी परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीवर जनतेला गुजराण करावी लागत असे." दुसरं वाक्य कोणीही लिहील. पहिलं फक्त त्या मुलीलाच लिहिता आलं असतं. तिची भूक त्या "मग मी त्याची पण" मध्ये आहे, आणि व्याकरण सुधारायला बसलात की आधी तेच जाईल.

मग आजच्या पोरांना मिलो कसं कळणार, दुष्काळी कामावर मिळणारा कोरडा खाऊ, म्हणजे सुकडी, कशी कळणार? त्यासाठी आजच्या तुम्ही आहात ना. वहीतलं जसंच्या तसं वाचा, थांबा, आणि मग आजच्या आवाजात, नेहमीच्या बोलण्यात, सांगा: मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, सुकडी कामावर कशी वाटायचे, तुम्ही ती कशात घ्यायचात. खडी फोडायची केंद्रं, नालाबांध, पाझर तलाव ही दुष्काळी कामं होती आणि या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. हे सगळं त्या मुलीच्या तोंडी घालू नका, तिला ते माहीत नव्हतं. दोन आवाज वेगळे राहिले की ऐकणाऱ्याला मधली पन्नास वर्षं आपोआप ऐकू येतात.

बोलीची तर अजिबात लाज धरू नका. सामुदायिक रेडिओच्या सरकारी धोरणातच कार्यक्रम शक्यतो स्थानिक भाषेत आणि बोलीत असावेत असं म्हटलंय, आणि निदान निम्मे कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागाने व्हावेत अशी अट आहे. म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी केंद्रं २००८ पासून याच जोरावर चालली आहेत.

आता नावांचं. वहीत एका पानावर मुकादम मापात मारायचा, म्हणजे केलेलं काम कमी मोजायचा, असं नावासकट लिहिलंय आणि त्याचं घर अजून गावात आहे, हे तुम्ही ओझरतं लिहिलंत. मला ते ओझरतं वाटत नाही. अशा केंद्राचा आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर जातो, म्हणजे ऐकणारे सगळे त्या घराला ओळखणारे. तो माणूस आज उत्तर द्यायला नाही, आणि नातवंडांना बाजारात तोंड दाखवायचंय. प्रसंग ठेवा, नाव काढा, आणि आजच्या आवाजात सरळ सांगा की इथलं एक नाव मी वगळलंय. "मुकादम" एवढ्यावरूनही माणूस ओळखू येणार असेल तर कामाचं ठिकाण सांगू नका. त्याहून बरं म्हणजे मुद्रणाआधी त्यांच्या घरी जाऊन पान वाचून दाखवा. अवघड आहे, पण मी लोकांना ते करताना पाहिलंय, आणि बऱ्याचदा समोरूनच एखादी आठवण मिळते जी वहीत नसते.

वडिलांच्या पत्रांची गोष्ट आणखी वेगळी. कागद तुमच्या पेटीतला असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या मागे सगळ्या वारसांचा. वही तुमची, तिथे कुणाला विचारायला नको. पत्रांसाठी मात्र भावाबहिणींची संमती घ्या, दोन ओळी का होईना, लेखी. तुम्ही म्हणता काही पत्रांतलं अक्षर वडिलांचं नाही. गिरणगावात एका खोलीत गावचे दहा-पंधरा जण राहायचे आणि ज्याचं अक्षर बरं तो सगळ्यांची पत्रं लिहायचा, तसं असेल. हेही सांगा. "मनीऑर्डर केली आहे, मिळताच कळवणे" हे दुसऱ्याच्या हाताने लिहिलेलं असतं तेव्हा त्यात घरचं माणूस किती कमी बोलू शकतं, हे तुमच्याइतकं नीट कोण सांगणार?

मुद्रणाआधी प्रत्येक पानाचे मोबाईलवर फोटो काढा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. चिकटलेली पानं ओढू नका, फाटलेल्याला चिकटपट्टी लावू नका, ऊन तर दाखवूच नका. फोटोंवरून मजकूर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या, कागदाच्या एकाच बाजूला, आणि वाचायला ती प्रत वापरा. मूळ वही हाताशी असू द्या, पण वाचताना पानं उलटू नका. तो आवाज माईकवर फार मोठा येतो.

घरी करणार असाल तर भांडी-फरशीची खोली नको. गाद्या-कपाटं असलेली खोली घ्या, समोरच्या भिंतीवर गोधडी टांगा. पंखा आणि फ्रीज बंद. मोबाईल फ्लाइट मोडवर, तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा कडेला, कारण फ, भ, प समोरून थेट आले की फटकारा बसतो. मुद्रण वेव्ह (WAV) फाईलमध्ये ठेवा, त्यात आवाज दाबलेला नसतो. व्हॉट्सॅपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता ऑडिओ पाठवला की आवाज दाबला जाऊ शकतो. चुकलात तर थांबून ते वाक्य पहिल्यापासून म्हणा. शेवटी अर्धा मिनिट काहीच न बोलता खोलीची शांतता मुद्रित करा, संकलन करणाऱ्याला ती जोडायला लागते. संथ वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, तेव्हा एका भागात वहीची तीन-चार पानं पुरेत. उरलेला वेळ तुमच्या बोलण्याला.

आणि कृपा करून बासरी नको, हातोड्याचे नकली आवाजही नकोत. अभिवाचनाच्या सुरात, शब्द ओढून वाचलं की ऐकणारा रडायला तयार होऊन बसतो आणि मजकूर ऐकतच नाही. मजुरीचा आकडा, टँकर कधी आला, कुणाची बैलं छावणीत होती, हे साध्या आवाजात वाचा. केंद्राला फोन त्यावरच येतात. "छावणी तिथे नव्हती, ओढ्यापलीकडे होती" असं कुणी म्हणालं तर त्यांचंही मुद्रण करून घ्या आणि पुढच्या भागात लावा.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी केंद्रात बोलून ठेवा. प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, त्यापुढे नाही. प्रत्येक भाग लागला की त्याच आठवड्यात पेनड्राइव्हवर प्रत मागून घ्या, कच्च्या मुद्रणासकट, आणि एक भावाकडे ठेवा. पहिला भाग मिलोच्या पानापासून करा. मुकादमाचं पान त्यांच्या घरी जाऊन आल्यावर.