केलला राहू की स्ट्रासबर्गला?

अरे तू दोन प्रश्न विचारलेस, जर्मनीत ऑफेनबुर्गला नोकरी लागलीये तर ऱ्हाइन नदीपलीकडे फ्रान्समधे स्ट्रासबर्गला घर घेतलं तर चालेल का, आणि एवढी युद्धं करून हे दोन देश आता असे गुण्यागोविंदाने कसे नांदतात.

पहिल्याचं उत्तर, नाही चालणार. युरोपियन पासपोर्टवाले करतात तसं, पण आपल्या जर्मन रेसिडेन्स परमिटवर फ्रान्समधे १८० दिवसांत ९० दिवस फिरून येता येतं, बिऱ्हाड करता येत नाही. नदीच्या अलीकडे, जर्मनीतल्या केललाच रूम बघ. मी सहा वर्षं इथेच आहे, २०१७ पासून ट्रॅम थेट पुलावरून जाते, काही मिनिटांत फ्रान्स.

दुसरं जरा लांबेल. प्रेमबिम नंतरचं रे, आधी नुसती भीती होती. १८७०, १९१४, १९४०, सत्तर वर्षांत तीनदा लढाई आणि पलीकडचा अल्सास, म्हणजे स्ट्रासबर्गचा प्रांत, दरवेळी इकडून तिकडे. माझ्या एका कलीगची पणजी घर न बदलता जर्मन, फ्रेंच, परत जर्मन, परत फ्रेंच झाली. तू निपाणीचा, सीमा हलली की घरातल्या कागदांचं काय होतं ते तुला काय सांगू! आलास की स्ट्रासबर्गमधे प्लास द ला रेप्युब्लिक या चौकात उतर आणि तिथलं स्मारक बघ, एक आई आणि मांडीवर मरणारी दोन पोरं, दोघांच्याही अंगावर युनिफॉर्म नाही, कारण कुठल्या देशाचा घालणार? आणि हे १९३६ चं आहे, त्यानंतर परत १९४२ पासून तिथल्या लाखभर पोरांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात ओढलं.

मग ९ मे १९५० ला रॉबेर शुमान म्हणाला की दोघांचा कोळसा आणि पोलाद एकाच सामाईक संस्थेच्या हाती देऊ. हा फ्रेंच मंत्री, पण जन्मला लक्झेंबर्गला आणि तेही जर्मन नागरिक म्हणून. तोफा ओतायला कोळसा-पोलाद लागतं, ते सामाईक झालं की कुणी गुपचूप तयारी करू शकत नाही, साधा हिशेब. फ्रान्सला जर्मनीतल्या रूहर भागातला कोळसा हवा होता, पश्चिम जर्मनीचा चान्सेलर आडेनाउअर याला हरलेल्या देशासारखं नाही तर बरोबरीने वागवलं जायला हवं होतं, वरून अमेरिकेचा रेटा आणि रशियाची धास्ती. १९५१ ला सहा देशांनी सह्या केल्या. दोघांचा मैत्रीचा करार थेट १९६३ चा, म्हणजे आधी चोपडी मग दोस्ती.

पण सीमा पुसली वगैरे समजू नकोस. मार्च २०२० ला कोरोनात ही ट्रॅम पुलावरून जायची बंद झाली, आणि सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने या बाजूला परत चेकिंग सुरू केलंय, त्यामुळे पासपोर्ट आणि परमिट ओरिजिनल खिशात ठेव, मोबाइलमधला फोटो चालत नाही. आणि रविवारी फ्रान्समधे जाऊन भाजी आणू म्हणशील तर तेही जमायचं नाही, जर्मन काळातला रविवारच्या सुट्टीचा कायदा अल्सासमधे अजून चालूच आहे, बहुतेक दुकानं बंद. कांदे-बटाटे शनिवारीच भरून ठेव.