वय २६, रुमॅटॉइड आर्थरायटिस निघालाय. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात का? लग्न ठरेपर्यंत बंद ठेवल्या तर चालेल का?

बंद ठेवू नका. बाकीचं पुढे.

तुम्ही लिहिलंय की सांध्यांच्या या आजाराची रक्ततपासणी, अँटी-सीसीपी, पॉझिटिव्ह आहे, त्यावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध १५ मिलिग्रॅम सुरू होऊन पाच आठवडे झाले, मळमळतं, बोटांची सूज तशीच आहे. आणि आई म्हणतात, आठवड्यातून एकदा घेतलेल्या गोळीने काय होणार, त्यापेक्षा गावाकडच्या पुड्या आणू आणि दही-टोमॅटो बंद करू. ‘आठवड्यातून एकदा’ वाचलं आणि लिहायला बसले. अकरा वर्षं ही गोळी घेतेय, आणि याच शब्दांवरून घरात आणि केमिस्टच्या काउंटरवर मी पुष्कळ वाद घातलेत.

आपल्याकडे चिठ्ठीवर ०-०-१ दिसलं की रोज रात्री एक, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. केमिस्ट गोळ्या खाकी पाकिटात घालतो, वर पेनने ०-०-१ लिहितो आणि ‘फक्त शनिवारी’ लिहायचं राहून जातं. मग घरातलंच कुणीतरी मायेने रोज जेवणानंतर ती गोळी हातावर ठेवतं. रोज घेतली गेली तर काही दिवसांतच तोंड येतं, घास गिळवत नाही, मग ताप, अंगावर लाल-जांभळे ठिपके, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कोसळलेल्या असतात. यात माणसं दगावलेली आहेत. असं कधी लक्षात आलं तर त्रास होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी स्ट्रिप हातात घेऊन मोठं हॉस्पिटल गाठायचं. यावर फोलिनिक ॲसिड हा उतारा आहे, तो जितका लवकर मिळेल तितका बरा. या गोळीसोबत दिलेलं, घरात असलेलं फोलिक ॲसिड हे जीवनसत्त्व त्या जागी चालत नाही.

म्हणून वार एकदाच ठरवा आणि बदलू नका. दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असा वार घ्या, उपवासाचा वार टाळा. स्ट्रिपवर मार्करने ठळक ‘शनि’ लिहा, मोबाइलवर त्याच वाराचा गजर लावा. घरात एकाच ताकदीची गोळी ठेवा. अडीचच्या सहा म्हणजे पंधरा. पण पुढच्या महिन्यात दुकानात अडीचची नाही म्हणून साडेसातची स्ट्रिप आली आणि सवयीने सहा गिळल्या, तर पंचेचाळीस झाले. दुसरा घोटाळा फोलिक ॲसिडचा. फोलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट, फॉल्वाइट म्हणजे फोलिक ॲसिड. नावं सारखी, गोळ्या बहुधा दोन्ही पिवळ्या. त्या दोन वेगळ्या डब्यांत ठेवा, शक्यतो वेगळ्या खोल्यांत. फोलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम साधारणपणे दुसऱ्या दिवशी देतात, मेथोट्रेक्सेटच्या दिवशी नाही. तोंड येणं, मळमळणं, लिव्हरचे आकडे चढणं त्याने कमी होतं. ती ‘शक्तीची गोळी’ समजून सोडणाऱ्यांना मळमळीने बेजार झालेलं पाहिलंय.

शनिवार चुकला तर दोन दिवसांच्या आत आठवल्यास घ्या, त्यापुढे गेलं तर तो आठवडा सोडा. पुढच्या वेळी दुप्पट कधीही नाही.

मळमळीसाठी आधी रात्री जेवणानंतर घेऊन पाहा. तरीही होत असेल तर डॉक्टर त्याच दिवसात दोन वेळा विभागून घ्यायला सांगतात. त्यानेही भागलं नाही तर इंजेक्शन मागा. इन्शुलिनसारखं पोटाच्या कातडीखाली घरी घेता येतं आणि पोट बरंच शांत राहतं. मळमळीमुळे औषध सोडण्याआधी या तिन्ही पायऱ्या झाल्या पाहिजेत.

पाच आठवड्यांत फरक नाही म्हणता, तो इतक्यात दिसतच नाही. सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर हात चालावेत म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कमी मात्रेत देतात. तेही आपल्या मनाने एकदम थांबवायचं नसतं, उतरवत न्यायचं असतं. सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (लिव्हर), क्रिएटिनिन (किडनी) या रक्ततपासण्या सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, डोस बसल्यावर दोन-तीन महिन्यांनी. रक्त गोळीच्या लगेच दुसऱ्या दिवशी देऊ नका, तेव्हा एसजीपीटी उगाच चढलेला येतो आणि डोस विनाकारण कापला जातो. शनिवारची गोळी असेल तर गुरुवारी-शुक्रवारी द्या.

आता पुड्या. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, घटक न लिहिलेल्या पुडीशी आहे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलंय. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर चढते, आणि पुडी बंद केली की माणूस अंथरुणाला खिळतो. तोवर आत हाड झिजत असतं. सांध्याची बरीचशी मोडतोड पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते, आणि झिजलेलं हाड परत भरून येत नाही. हीच दोन वर्षं तुम्ही लग्न ठरेपर्यंत बाजूला ठेवायला निघाला आहात. दही, टोमॅटो, आमटीतलं कोकम खुशाल खा. आंबटाने सांधे धरतात याला काही आधार नाही. सोडायची असेल तर सिगरेट सोडा.

‘विलायती विष’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भीमवरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधन विभाग सांभाळत होते. फोलिक ॲसिड कृत्रिमरीत्या बनवण्याचं आणि त्याला अडवणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या कुळातल्या औषधांचं काम त्यांच्याच हाताखाली १९४०च्या दशकात झालं. तुमच्या शनिवारच्या आणि रविवारच्या, दोन्ही गोळ्या त्याच घरातल्या. माझ्या आत्याला हे सांगायला मला नऊ वर्षं उशीर झाला, तुम्ही आईंना आजच सांगा.

लग्नाबद्दल माझं मत ऐका. लपवून करू नका, आणि हे नीतीपेक्षा औषधासाठी सांगतेय. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस गेले तर गर्भपात किंवा बाळात व्यंग होऊ शकतं, म्हणजे गर्भनिरोधक पक्कं हवं, म्हणजे नवऱ्याला माहीत हवं. मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांना सांगून, साधारण तीन महिने आधी ही गोळी थांबवतात आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासालाझिनवर नेतात. ती गरोदरपणात चालतात. आर्थरायटिस असलेल्या बायकांना मुलं होतात. आजार आटोक्यात असताना गरोदर राहणं महत्त्वाचं, आणि तो आटोक्यात येतो तो आत्ता घेतलेल्या गोळीने. हे ऐकून जे स्थळ मागे फिरेल ते फिरू दे.

जन्मभर का? आजार सहा महिने-वर्षभर पूर्ण शांत राहिला तर डॉक्टर हळूहळू मात्रा उतरवून पाहतात. काहींची बंदही होते, पण बंद केल्यावर उसळणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मी स्वतः अजून घेतेच.

राहिलेल्या गोष्टी: ताप किंवा जोराचा जंतुसंसर्ग असेल तर त्या आठवड्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. नवा कोरडा खोकला आणि धाप लागली तर वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठा. दारू कमीत कमी, सोडली तर उत्तम. जिवंत विषाणूच्या लसी विचारल्याशिवाय नाहीत. आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा: ‘मेथोट्रेक्सेट चालू. सेप्ट्रान, बॅक्ट्रिम देऊ नये.’ ही एकाच अँटिबायोटिकची दोन नावं. लघवीच्या जळजळीला फॅमिली डॉक्टर सहज लिहून देतात ती ही गोळी, आणि ती व मेथोट्रेक्सेट मिळून रक्तपेशी धोकादायकरीत्या खाली आणतात.