खेळणाऱ्यांचा हिशेब ठेवणारी नोकरी

प्रश्न : मुलगा सोलापुरातच बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर महिन्याला गेमच्या सबस्क्रिप्शनचे पैसे मागतो आणि याच क्षेत्रात करिअर करणार म्हणतो. आमचे अक्कलकोट रोडला यंत्रमाग आहेत. गेम खेळून पोट भरतं का? – एक पालक

उत्तर : नुसतं खेळून बहुतेकांचं भरत नाही. पण तो संख्याशास्त्र शिकतोय हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, आणि खरं भांडवल तेच आहे.

आधी असल्या सबस्क्रिप्शनचा धंदा बघा. मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये ‘गेम पास’ ही दरमहा वर्गणी भरून बरेच गेम खेळायची सेवा सुरू केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीनं वर्गणीदारांचा आकडा ३ कोटी ४० लाख सांगितला. सुटा गेम विकला की व्यवहार संपतो, वर्गणीत मात्र गिऱ्हाईक दर महिन्याला नव्यानं राखावं लागतं. खानावळीत महिन्याचे पैसे भरलेला पोरगा आठवडाभर फिरकला नाही, तर भात वाचला म्हणून मालक खूश होत नाही. पोरगा सुटणार हे त्याला कळतं. म्हणून नवे गेम महिनाभर थोडेथोडे येतात, छोटी आव्हानं पुरी केली की गुण मिळतात. शनिवार-रविवारी संपणारी कथा माणसाला आत आणते, मित्रांसोबतचा न संपणारा गेम त्याला धरून ठेवतो. दोन्हींचा मेळ घालताना कोण किती खेळलं याच्या नोंदी बघाव्या लागतात, आणि तिथंच संख्याशास्त्र शिकलेला माणूस लागतो.

जास्त खेळणारे कमी सोडून जातात, एवढा आलेख कुणीही काढेल. पण गेममुळं ते टिकले, की मुळातच शौकीन होते म्हणून जास्त खेळले? हे ठरवायला खेळाडूंचे दोन गट पाडून प्रयोग करतात. कोण कधी गळेल याच्या अंदाजाला ‘सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस’ चालतं, जे डॉक्टर लोक रुग्णांच्या अभ्यासात वापरतात. मुलाच्या पुस्तकात ते असेल किंवा पुढं येईलच.

त्याला एक काम द्या. ‘कुकी कॅट्स’ या मोबाइल गेमच्या सुमारे ९० हजार खेळाडूंची माहिती ‘कॅगल’ या आकडेवारीच्या वेबसाइटवर फुकट मिळते. पहिला अडथळा ३०व्या पातळीवर ठेवला की ४०व्या, तर सातव्या दिवशी जास्त जण परततात? पायथन किंवा ‘आर’ ही संगणकाची भाषा वापरून त्यानं उत्तर काढावं आणि जेवताना तुम्हाला मराठीत पटवून द्यावं. जमलं तर पुढं साठवलेल्या नोंदींतून हवी ती माहिती काढायची भाषा एसक्यूएल, मग एम.एस्सी. अर्ध्यात सोडलं, तर त्याला गेम आवडतात, गेमचा धंदा नाही, एवढं कळेल. तेही स्वस्तात.

पुण्यात गेम बनवणाऱ्या युबीसॉफ्टचा स्टुडिओ आहे, पण पहिली नोकरी गेम कंपनीतच मिळेल या भरवशावर राहू नका. हेच काम ओटीटीवाले, मोबाइल कंपन्या आणि बँकाही करून घेतात. पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपपासून मात्र लांब. त्यांवर बंदी घालणारा कायदा केंद्रानं २०२५ मध्ये केला आहे.

सबस्क्रिप्शन परीक्षेच्या महिन्यात बंद ठेवा. कंपनीच्या हिशेबात एक गिऱ्हाईक गळालेलं दिसेल, दिसू दे.