नोकरीला महिनाच झालाय, आणि लांब रजा हवी आहे

"नवी नोकरी धरून जेमतेम महिना झालाय आणि मोठी रजा मागायची आहे. कशी मागू?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सतत कुणी ना कुणी येतं. कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणाला बहिणीच्या बाळंतपणाला जायचं असतं, कुणी जुन्या नोकरीत असतानाच प्रवासाची तिकिटं काढून ठेवलेली असतात. कारण काहीही असो, भीती तीच. "कामचुकार समजतील. प्रोबेशनवर आहे, काढूनच टाकतील."

सुहास (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) आला तेव्हा त्याला रुजू होऊन पाच आठवडे झाले होते. तीन आठवड्यांनी आईची गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया होती. तारीख मुलाखतीच्या आधीच ठरलेली. "लगेच रुजू होऊ शकाल ना, असं विचारलं त्यांनी. मी हो म्हणालो. पुढचं काही बोललोच नाही, मॅडम." त्याची झोप उडालेली आईच्या लक्षात आली होती. तुला अडचण असेल तर ऑपरेशन पुढे ढकलू, असं ती म्हणाली आणि त्याच संध्याकाळी त्याने माझी वेळ घेतली.

त्याने मनाशी एक बेत केला होता. पहिले दोन दिवस स्वतःच आजारी असल्याचं कळवायचं, मग रोज सकाळी फोन करून एकेक दिवस वाढवत न्यायचा. मी त्याला स्पष्ट सांगितलं की हे करू नका. परत हजर होताना डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं तर काय देणार? शिवाय माणूस दहा दिवस नाही हे आधी कळलं तर वरिष्ठ काम दुसऱ्याकडे सोपवू शकतात. तो उद्या येईल की नाही हेच माहीत नसेल तर सगळ्यांचीच फरफट होते, आणि तो राग रजेवर नाही, माणसावर निघतो.

"किती दिवस हवेत?" मी विचारलं.

"महिनाभर तरी."

"महिनाभर रोज काय करणार आहात?"

तो गप्प झाला. मी कागद पुढे केला आणि तीन रकाने आखले: तारीख, आईला त्या दिवशी काय लागेल, ते कोण करू शकेल. पहिल्या दोन ओळींपुढे तो अडला, कारण शस्त्रक्रियेनंतरचं काहीच त्याने डॉक्टरांना विचारलं नव्हतं. आई महिनाभर अंथरुणाला खिळून राहणार असं त्याने धरून चाललं होतं. प्रत्यक्षात गुडघा बदलल्यावर रुग्णाला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतात, टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात आणि व्यायाम पुढे कित्येक आठवडे चालतो. डॉक्टरांशी बोलून तो पुन्हा आला तेव्हा कागद भरला होता. पहिले बारा-तेरा दिवस त्याची खरी गरज होती: रात्री उठवणं, बाथरूमपर्यंत नेणं, औषधांच्या वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून बहीण येऊ शकत होती. महिन्याचे आता कामाचे दहा दिवस झाले, आणि जमल्यास पुढचे दोन आठवडे घरून काम.

मला या कागदाचं मोल फार वाटतं. "महिनाभर सुट्टी हवी" या वाक्याला कोणताही वरिष्ठ आधी नाहीच म्हणेल. या सोमवारपासून त्या शुक्रवारपर्यंत, असं सांगितलं की तो निदान कॅलेंडर उघडून बघतो.

नियुक्तीपत्र त्याने सही करून ठेवून दिलं होतं. रजेचं कलम आम्ही सोबत वाचलं. अर्जित रजा दर महिन्याला थोडी थोडी साठणार होती, म्हणजे त्याच्या खात्यात जवळपास काहीच नव्हतं. यात त्याला आपल्यावर अन्याय दिसत होता. पण पगारी रजेबद्दलचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1970 चा करारसुद्धा रजेचा हक्क लागू होण्याआधी सहा महिन्यांपर्यंत सेवेची अट घालायला मुभा देतो. बाकीचे दिवस बिनपगारी, आणि तेही वरिष्ठांच्या मर्जीने. रजेइतकं प्रोबेशन लांबेल, अशीही एक ओळ होती. मधल्या साप्ताहिक सुट्ट्या रजेत धरतात का, हे पत्रात नव्हतं. ते एचआरला विचारायचं ठरलं. कमी हातात येणाऱ्या पगारात घराचा हप्ता कसा भागेल, याचा हिशोबही त्याच बैठकीत मांडला.

मग तालीम. मी मॅनेजर झाले. सुहासने सुरुवात केली: "सर, सॉरी, मला माहितीये मी नवीन आहे, जमलं नाही तरी चालेल, म्हणजे..." जमलं नाही तर त्याला अजिबात चालणार नव्हतं! माफीची चार वाक्यं झाली तरी तारीख आली नव्हती. ती काढत काढत शेवटी एवढंच उरलं: "आईची शस्त्रक्रिया या तारखेला आहे. मला दहा दिवसांची बिनपगारी रजा हवी आहे. ही तारीख मला रुजू होण्याआधी माहीत होती, तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्याकडची कामं मी अशी मार्गी लावली आहेत."

तिसरं वाक्य म्हणायला तो सर्वात जास्त कचरत होता. मी ते सोडू दिलं नाही. ती तारीख आज ना उद्या कळतेच, मग ती त्याच्याच तोंडून कळलेली बरी.

मॅनेजर नाराज झाले. "हे आधी सांगायला हवं होतं," असं त्यांनीही सुनावलं. घरून काम नाकारलं, प्रोबेशन वाढवलं, पण दहा दिवस दिले. बोलणं झाल्यावर सुहासने तारखा आणि ठरलेलं सगळं ईमेलने लिहून पाठवलं. नवीन नोकरीत असा लेखी पुरावा हवाच, कारण मधेच वरिष्ठ बदलला तर तोंडी कबुली कुणाला आठवत नाही. तो परतल्यावर काही दिवस सहकारी जरा तुटक वागले, त्याचा त्याला त्रास झाला. दिलेलं काम वेळेत होत गेलं तसं तेही निवळलं.

जे अजून रुजू झालेले नाहीत आणि ज्यांची तारीख आधीच ठरलेली आहे, त्यांनी ती पहिल्याच मुलाखतीत सांगायची गरज नाही. ऑफर हातात आल्यावर आणि होकार कळवण्याआधी सांगा. तेव्हा त्यांना तुम्ही हवे असता. कित्येकदा रुजू होण्याची तारीखच पुढे सरकते आणि रजा मागावीच लागत नाही.

आणि सरळ नकार आला तर? त्याचं उत्तर मागायला जाण्याआधी घरी ठरवून ठेवा. सुहासने ठरवलं होतं: बहिणीला आधी बोलवायचं, रात्रींसाठी पगारी मदतनीस ठेवायची, आणि शस्त्रक्रियेच्या दिवसाची तरी सुट्टी पुन्हा मागायची. आईचं ऑपरेशन मात्र पुढे ढकलायचं नाही.