शेपूट नाही, तरी विमान गोता का खात नाही?

प्रश्न : नातवाने मोबाइलवर एका जुन्या विमानाचा फोटो दाखवला. शेपूटच नाही, पंख मागे वळलेले आणि नाकावर चक्क दात रंगवलेले! खाली ‘इंग्लंड, १९३२’ एवढंच लिहिलं होतं. हे खरंच उडायचं का? शेपटीवाचून तोल कसा राहायचा? आणि शेपूट काढलं तरी कशाला, वेग वाढावा म्हणून? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दातांवरून ओळखलं. हे वेस्टलँड कंपनीचं ‘टेरोडॅक्टिल मार्क ४’. १९३२ साली लंडनजवळच्या हेंडनच्या हवाई प्रदर्शनासाठी त्याला त्या प्राचीन उडत्या सरपटणाऱ्या प्राण्याचं सोंग दिलं होतं. (खऱ्या टेरोडॅक्टिलला आखूड का होईना, शेपूट होतं. बारसं करणाऱ्यांनी तिकडे काणाडोळा केला.) आणि हो, उडायचं. १९३१ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. तिघांपुरती बंद केबिन, तिच्या मागे १२० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. शेपूट काढलं ते वेगासाठी नाही, माणसं मरत होती म्हणून. हे विमान ज्यांच्या डोक्यातून निघालं ते कॅप्टन जेफ्री हिल पहिल्या महायुद्धातले वैमानिक, पुढे चाचणी वैमानिक झाले. त्या काळी विमान उतरताना वेग जरा जास्त कमी झाला, नाक जरा जास्त वर गेलं की पंखावरून वाहणारी हवा त्याला सोडून जायची आणि पंख विमानाला उचलेनासा व्हायचा. याला आम्ही स्टॉल म्हणतो. मग एक पंख खाली पडायचा, विमान गिरक्या घेत जमिनीकडे यायचं आणि वैमानिकाने विमान वळवायचा दांडा कसाही हलवला तरी उपयोग नसायचा. हिलना असं विमान हवं होतं, की वैमानिक चुकला तरी ताबा हातातून जाणार नाही.

त्यांनी पत्नीच्या मदतीने आधी ग्लायडर बांधलं आणि १९२४च्या डिसेंबरात दक्षिण इंग्लंडच्या टेकड्यांवर ते उडवून पाहिलं. त्यालाच ब्रिस्टल चेरब हे चिमुकलं इंजिन बसवून १९२५ मध्ये फार्नबरोला उड्डाण केलं. मोटारसायकलला शोभेल एवढीच त्याची ताकद, जेमतेम तीसेक अश्वशक्ती!

आता तोल. साध्या विमानात शेपूट मागून खाली दाबत असतं, म्हणून नाक वर राहतं. हिलनी पंखच मागे वळवले. त्यामुळे पंखांची टोकं गुरुत्वमध्याच्या, म्हणजे विमानाचं वजन जिथे तोललं जातं त्या बिंदूच्या, मागे गेली आणि शेपटीचं काम त्यांच्याकडे आलं. खरी गंमत पुढेच आहे. त्या पहिल्या विमानात ही टोकं पंखापासून सुटी होती आणि अख्खीच्या अख्खी फिरायची. दोन्ही एकदम फिरवली की नाक वर-खाली, उलटसुलट फिरवली की विमान कलतं. मधला पंख स्टॉल झाला तरी टोकांवरची हवा सुटत नसे, म्हणजे ताबा कायम.

यात फुकट काहीच मिळत नाही. शेपूट लांब असतं म्हणून थोड्या दाबात भागतं. पंखाची टोकं त्या मानाने जवळ, म्हणून वजन इंचभर सरकलं तरी जाणवतं. मार्क ४चे पंख उडतानाच पाचएक अंश पुढे-मागे करता यायचे, ते याचसाठी.

हे मी स्वतःच्या हाताने भोगलंय. नोकरीत असताना विमानांचे सांगाडे दुरुस्त केले, निवृत्तीनंतर गच्चीत थर्माकोलची विमानं करतो. बिनशेपटीचं पहिलं विमान केलं तेव्हा नाकात रुपयाचं नाणं खोचलं होतं. सोडल्याबरोबर नाक वर, क्षणभर थबकलं आणि पाठीवर कोसळलं. सतरा वेळा तेच. अठराव्या वेळी नाणं बोटभर पुढे सरकवलं, टोकांच्या मागच्या कडा किंचित वर मुडपल्या आणि ते असं काही तरंगत गेलं की थेट समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंच्या पापडांवर उतरलं.

पुढे मार्क ५ हे लढाऊ विमान आलं. मागे शेपूट नाही, म्हणजे मागे बसलेल्या तोफचीला मोकळं आकाश! कल्पना झकास होती. पण सुरुवातीला जमिनीवर चालवतानाच त्याचा पंख मोडला, पाण्याची वाफ करून थंड होणारं गॉसहॉक इंजिन कटकटीचं निघालं. १९३४ मध्ये हॅरल्ड पेनरोज यांनी ते उडवलं खरं, पण हवाई दलाने घेतलं नाही. हिल त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले.

आपल्या ‘तेजस’लाही मागे आडवं शेपूट नाही, फक्त उभा पंख आहे. पण तिथे तोल सांभाळायला कॉम्प्युटर बसलाय. हिलच्या वैमानिकाकडे दांडा आणि ती फिरती टोकं, एवढंच होतं.

नातवाला करून दाखवायचं असेल, तर नाणं आधी हवं त्याहून पुढेच ठेवा आणि तिथून सुतासुताने मागे आणा. पापड वाळत असतील त्या दिवशी मात्र नको.