देवदेवतांच्या कथांवरील ऑनलाइन स्लॉटमध्ये (पैसे लावून चिन्हे फिरवण्याच्या जुगाराच्या खेळात) बोनस फीचर, म्हणजे खास बक्षिसांचा टप्पा, विकत घेणे फायद्याचे असते का? आणि बराच वेळ बोनस आला नाही, तर तो लवकर येण्याची शक्यता वाढते का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दात संपते: नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तरही जवळजवळ नकारार्थीच आहे, फक्त त्याला थोडे गणित लागते. मात्र प्रश्नाच्या तपशिलात आपण शेवटी लिहिले आहे की, ज्या बोनसमध्ये तीन रांजणांपैकी एक उघडायचा असतो, तिथे तरी खेळणाऱ्याचा अंदाज कामी येतो, कारण मोठे बक्षीस ‘नेहमी शेजारच्याच रांजणात’ निघते. हे वाक्य वाचूनच मी लिहायला बसलो. अशा खेळांचे गणित मांडणे हा काही काळ माझा व्यवसाय होता आणि नेमक्या याच रांजणांवरून एका सहकाऱ्याशी झालेला माझा वाद आजही मिटलेला नाही.

उदाहरणासाठी या प्रकारातला सर्वांना माहीत असलेला खेळ घेऊ. प्रॅग्मॅटिक प्लेचा ‘गेट्स ऑफ ऑलिंपस’ 2021 मध्ये आला. सहा स्तंभ आणि पाच ओळींच्या पटावर एकच चिन्ह कुठेही आठ किंवा अधिक वेळा आले की जिंकलेली चिन्हे नाहीशी होतात आणि वरून नवी पडतात. चार स्कॅटर (बोनस सुरू करणारी खास चिन्हे) आले की 15 फ्री स्पिन, म्हणजे फुकटच्या फेऱ्या, मिळतात. पडद्यावरचा झ्यूस, म्हणजे ग्रीक देवांचा राजा, अधूनमधून 2 पटीपासून 500 पटीपर्यंतचे मल्टिप्लायर (बक्षिसाला गुणणारे आकडे) फेकतो, आणि फ्री स्पिनमध्ये, त्या स्पिनला काही जिंकलेले असेल तर, ते एकूण मल्टिप्लायरमध्ये साठत जातात. कमाल बक्षीस लावलेल्या रकमेच्या 5000 पट असते आणि जाहीर परतावा, म्हणजे लावलेल्या पैशांपैकी दीर्घकाळात सरासरी परत येणारा हिस्सा, 96.50 टक्के असतो. आता यातली एक गोष्ट नीट पाहावी. कधीकधी मोठ्या आकड्याचा मल्टिप्लायर पडतो, वीज कडाडते, पडदा उजळतो, आणि पटावर एकही चिन्ह आठ वेळा आलेले नसते. अशा वेळी त्या मल्टिप्लायरची किंमत शून्य असते. झ्यूस ‘आता देण्याच्या बेतात आहे’ अशी जी भावना आपल्याला होते, तिचे मूळ बहुधा याच क्षणांत असावे, कारण गर्जना ऐकू येते आणि हिशेब दिसत नाही.

प्रत्यक्षात बटण दाबताच यादृच्छिक आकडे निर्माण करणारी प्रणाली निकाल ठरवते, आणि त्यानंतर पडद्यावर जे काही घडते ते त्या निकालाचे चित्रण असते. मागचे स्पिन कसे गेले याची कोणतीही नोंद पुढच्या स्पिनपर्यंत पोहोचत नाही. समजा, एखाद्या खेळात फ्री स्पिन सरासरी 320 स्पिनमध्ये एकदा येतात. तर 320 स्पिन खेळूनही ते एकदाही न येण्याची शक्यता सुमारे 37 टक्के असते, 640 स्पिनमध्ये एकदाही न येण्याची सुमारे साडेतेरा टक्के, आणि 1000 स्पिन कोरडे जाण्याची चार टक्क्यांहून थोडी अधिक. म्हणजे ‘इतका वेळ येत नाही याचा अर्थ काहीतरी बिनसले आहे’ असे ज्याला वाटते, तो बहुतेक वेळा अगदी सामान्य अनुभवातून जात असतो. आणि हजार कोरड्या स्पिननंतरच्या पुढच्या स्पिनला बोनस येण्याची शक्यता पहिल्या स्पिनइतकीच, म्हणजे 320 मध्ये एक, असते.

आता विकत घेण्याविषयी. या खेळात लावलेल्या रकमेच्या 100 पट मोजून फ्री स्पिन थेट घेता येतात. ज्याला ती 100 पट किंमत म्हणजे सवलत वाटते, त्याने एवढेच ध्यानात ठेवावे की बोनस ही खेळाबाहेरून येणारी देणगी नसते. जो 96.50 टक्के परतावा जाहीर केलेला असतो, त्यातलाच एक तुकडा कापून बोनसच्या नावे वेगळा ठेवलेला असतो, आणि त्यामुळे मूळ खेळ तेवढा कोरडा झालेला असतो. समजा, त्या 96.50 पैकी फ्री स्पिनचा वाटा लावलेल्या रकमेच्या 30 टक्के आहे आणि एका बोनसची सरासरी प्राप्ती साडेशहाण्णव पट आहे. मग बोनस साधारण 320 स्पिनमध्ये एकदाच येणार, याला पर्याय नाही. तो अधिक वेळा हवा असेल तर लहान करावा लागेल, आणि मोठा हवा असेल तर दुर्मीळ. माझे निम्मे काम हीच कात्री चालवण्याचे होते.

वाट पाहत 320 स्पिन खेळल्यास, प्रत्येक स्पिनला तीन सेकंद धरून, 16 मिनिटे जातात. एकूण 320 पट रक्कम फिरते आणि सरासरी तोटा सुमारे 11 पट होतो. त्याच 16 मिनिटांत, एका बोनसला दोन मिनिटे धरली, तर आठ बोनस विकत घेता येतात. तेव्हा 800 पट रक्कम फिरते आणि सरासरी तोटा 28 पट होतो. टक्केवारी तीच असते, पण वेग अडीच पट झालेला असतो. शिवाय ती सरासरीही मोजक्या प्रचंड बक्षिसांवर उभी असते, त्यामुळे इतक्या तीव्र चढउताराच्या खेळात विकत घेतलेले बहुतांश बोनस 100 पटीपेक्षा कमीच परत करतात. 25 टक्के अधिक मोजून फ्री स्पिनची शक्यता दुप्पट करण्याची जी सोय असते, तिलाही हेच तत्त्व लागू होते. आपण नफा विकत घेत नाही, खेळाचा आकार बदलून घेतो. ब्रिटनमध्ये परवानाधारक संकेतस्थळांवर बोनस विकत घेण्याची सोय मिळतच नाही, आणि ते मला योग्य वाटते.

एवढ्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा झाले. पण रांजण राहिले.

आम्ही करत असलेला खेळही ग्रीक कथांवरच होता. बोनसला पँडोराचे नाव होते, म्हणजे निषिद्ध रांजण उघडणाऱ्या ग्रीक कथेतल्या स्त्रीचे. (सगळी संकटे बाहेर पडली आणि आत फक्त आशा उरली, ही कथा जुगाराच्या बोनससाठी निवडणाऱ्याचे मला आजही कौतुक वाटते.) पडद्यावर तीन मातीचे रांजण यायचे, खेळणाऱ्याने एकाला स्पर्श करायचा आणि आतून 5, 20 किंवा 100 पट बक्षीस निघायचे. मी मांडलेल्या गणितात 5 पटीची शक्यता 80 टक्के, 20 पटीची 18 टक्के आणि 100 पटीची 2 टक्के होती. म्हणजे रांजणांची सरासरी किंमत 9.6 पट. बक्षीस रांजण दिसण्यापूर्वीच ठरलेले असे. बोट कुठेही ठेवा, त्या रांजणातून तेच निघणार. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नव्हती. हा या व्यवसायातला रूढ मार्ग आहे आणि नियमांच्या पानावर तसे स्पष्ट लिहिले, तर त्यात लबाडीही नाही.

आमच्या रचनाप्रमुखांनी त्यात एक भर घातली. निवडलेला रांजण फुटल्यावर उरलेले दोन हळूच कलंडायचे आणि त्यांच्यातून नेहमी उरलेली दोन बक्षिसे निघायची. म्हणजे खेळणाऱ्याच्या हाती 5 पट आले, की डावीकडून 20 आणि उजवीकडून 100 पट सोन्याची नाणी सांडायची, त्यांचा आवाजही खऱ्या बक्षिसाच्या नाण्यांपेक्षा थोडा खोल आणि लांबलेला ठेवलेला. दर शंभरातल्या ऐंशी जणांना हे चित्र दिसणार होते. आता ते चित्र काय सांगते, याचा हिशेब करून पाहावा. तीन रांजण आहेत, त्यांत 5, 20 आणि 100 आहे, आणि एक उचलायचा आहे. असा खेळ खरा असता तर त्याची सरासरी किंमत सुमारे 41.7 पट झाली असती. पडदा 41.7 दाखवत होता आणि आम्ही 9.6 देत होतो. आपल्याला मोठे बक्षीस ‘नेहमी शेजारच्याच रांजणात’ का दिसते, याचे उत्तर हेच आहे. बक्षीस तिथे कधीच नसते. आपले बोट उठल्यानंतर ते तिथे रंगवले जाते.

मी तीन पर्याय सुचवले. उरलेले रांजण बंदच ठेवावेत. किंवा तेही त्याच शक्यतांनी भरावेत, म्हणजे बहुतेक वेळा तिथूनही 5 पटच निघेल. किंवा निवड खरी करून रांजणांचा बोनस सव्वाचार पटींहून थोडा अधिक दुर्मीळ करावा, म्हणजे एकूण परतावा जागच्या जागी राहील. पहिला पर्याय निरस ठरला, दुसरा हास्यास्पद ठरला, आणि तिसरा ‘बोनस वारंवार दिसलाच पाहिजे’ या कारणाने नाकारला गेला. रचनाप्रमुखांचा युक्तिवाद मात्र साधा नव्हता. ते म्हणाले की, खेळणाऱ्याच्या खिशातून एक पैसाही अधिक जात नाही, मग तुम्ही गणिती असून चित्राविषयी का भांडता? देवांची गोष्ट सांगायची तर देवांना सामर्थ्य दाखवू द्यावे लागते. मी त्यांना झ्यूसचा मुलगा सार्पेडन याची आठवण करून दिली. होमरच्या ‘इलियड’मध्ये स्वतःच्या मुलाचा मृत्यू समोर दिसत असताना त्याला वाचवावे की नाही, अशा पेचात झ्यूस सापडतो, आणि पत्नी हेराने हटकल्यावर नियतीने नेमलेले मरण होऊ देतो. शिवाय झ्यूस आणि त्याच्या दोन भावांनी आकाश, समुद्र आणि पाताळ चिठ्ठ्या टाकून वाटून घेतले, असे त्याच काव्यात त्यांतला एक भाऊ, समुद्रदेव पोसायडन, सांगतो. ग्रीकांचा झ्यूस आमच्या झ्यूसपेक्षा कितीतरी प्रामाणिक होता, असे मी म्हटले. ते बैठकीत कोणालाच आवडले नाही.

‘एक पैसाही अधिक जात नाही’ हे त्या एका बोनसपुरतेच खरे होते. सांडणारी नाणी दाखवली जातात ती पुढच्या स्पिनसाठी, आणि खेळाचा जो 3.5 किंवा 4 टक्के हिस्सा असतो, तो दर स्पिनला नव्याने कापला जातो. जो माणूस ‘थोडक्यात हुकले’ म्हणून आणखी शंभर स्पिन खेळतो, त्याच्या खिशातून पैसे नक्कीच अधिक जातात. हा माझा हट्ट नव्हे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या नियामकांसमोर जवळजवळ हाच प्रश्न आला होता. एका उत्पादकाची यंत्रे आधी ‘हरला’ असा निकाल ठरवत आणि नंतर मुद्दाम थोडक्यात हुकल्याची चिन्हे दाखवत. नियामकांनी ती पद्धत अमान्य केली. ब्रिटनमध्येही ऑक्टोबर 2021 अखेरीपासून ऑनलाइन स्लॉटमध्ये लावलेल्या रकमेइतकी किंवा त्याहून कमी रक्कम परत आली, तर ती जिंकल्यासारखी साजरी करण्यास मनाई आहे, ऑटोप्ले (बटण न दाबता आपोआप चालणारे स्पिन) बंद आहे आणि एक स्पिन अडीच सेकंदांपेक्षा कमी वेळात पूर्ण होऊ देता येत नाही. म्हणजे चित्र आणि आवाज ही निव्वळ सजावट आहे, असे नियामकही मानत नाहीत.

आमच्या खेळाचे पुढे काय झाले, तर त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या. जिथे नियम कडक होते तिथे उरलेले रांजण बंद राहिले आणि इतरत्र नाणी सांडत राहिली. गणित दोन्हीकडे माझेच होते, 9.6 पट.

म्हणून माझा सल्ला असा आहे की, बोनस विकत घ्यावा की वाट पाहावी, हा विचार सोडून खेळातील माहितीचे पान आधी उघडावे. तिथे परताव्याचा आकडा असतो, आणि एकाच खेळाच्या निरनिराळ्या परताव्याच्या आवृत्त्या खेळ चालवणाऱ्या संकेतस्थळांना उपलब्ध असतात, हे पुष्कळांना माहीत नसते. 96.50 ऐवजी 94.50 टक्क्यांची आवृत्ती असेल, तर तोटा दीडपटीहून अधिक वेगाने होतो, आणि त्यापुढे विकत घेण्याचा प्रश्नच फुटकळ ठरतो. त्याच पानावर निवडीच्या बोनसविषयी, बक्षीस आधीच ठरलेले असते असे लिहिले आहे का, तेही पाहावे. लिहिले नसेल आणि न निवडलेली बक्षिसे थाटात दाखवली जात असतील, तर मी तो खेळ बंद करतो. शकुनीचे फासे निदान द्यूतसभेत सर्वांसमोर पडत होते.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. ‘गेट्स ऑफ ऑलिंपस’वर मी कधी काम केलेले नाही. रांजणांची हकिगत वेगळ्याच खेळाची आहे, आणि त्या खेळावरून या खेळाची परीक्षा करू नये. वर 320 स्पिन आणि 30 टक्के वाटा हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. जिथे पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद आहेत, तिथे हा सगळा ऊहापोह गैरलागू आहे. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी बोनस विकत घ्यावासा वाटत असेल, तर खाते स्वतःहून बंद करून घेण्याची सोय वापरावी. तिथे गणिताचा उपयोग होत नाही.

आणि दुसऱ्या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हटले, त्याला एक खरा अपवाद आहे. काही खेळांना जोडलेला सामाईक जॅकपॉट ठरावीक रक्कम किंवा ठरावीक वेळ गाठण्यापूर्वी फुटलाच पाहिजे, अशी अट असते. तिथे मर्यादा जवळ येईल तसा तो लवकर फुटण्याचा संभव खरोखरच वाढतो, मात्र तो अनेक खेळणाऱ्यांपैकी कोणाच्या वाट्याला येईल, हे तरीही दैवावरच असते. रचनाप्रमुखांनी हाच अपवाद माझ्यापुढे ठेवून, तुमचा नियम सार्वत्रिक नाही, असे मला सुनावले होते. तो सार्वत्रिक नाही, हे मला मान्य आहे. पण अशा जॅकपॉटची मर्यादा नियमांत लिहिलेली असते, बहुधा पडद्यावरही दिसते आणि ती खरी असते. रांजणांतली नाणी खरी नव्हती, आणि या फरकावर त्यांनी मला अद्याप उत्तर दिलेले नाही.